नजर कुठे अडते

तानाबेरू, १४ मार्च २००४

सोम्बा,

हे पत्र तुला कोणीतरी वाचून दाखवत असेल. तो कोण, मला माहीत नाही. भाऊ, तुम्ही जे कोणी असाल, जरा सावकाश वाचा. माझ्या भावाला घाईत वाचलेलं समजत नाही.

मी हालिजा. आठ वर्षांनी लिहिते आहे. शेजारच्या जुमरियाचा नवरा बकरी ईदला घरी आला, त्याने सांगितलं की तू सरहद्दीपलीकडे, तावाउच्या आत, पाम तेलाच्या मळ्यात आहेस. तिथे फोन लागत नाही, पण पत्र दिलं तर तो पोचवेल. त्याने तुला विचारलं म्हणे, 'घरी काही निरोप?' तू म्हणालास, 'घर बरं आहे ना, मग झालं.'

घर बरं आहे. बाबा रोज सकाळी किनाऱ्यावर जातात. बुटुंगच्या हाजी लामुसूंचं मोठं गलबत बांधायला घेतलंय, तीस मीटरचं. हाताखाली दाएंग सिताबा आहे, आणखी सहा माणसं आहेत. पूर्वी वीस असायची.

लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात आम्हा शिक्षकांना मकास्सरला पाच दिवस बोलावलं होतं. शिकवायला एक तरुण बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी फळ्यावर आठ चौकोन काढले. म्हणाल्या, बुद्धी एकच नसते. भाषेची वेगळी, आकड्यांची वेगळी, आकारांची आणि जागेची वेगळी, हातापायांची वेगळी, सुरांची, झाडापानांची, माणसं ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची. म्हणाल्या, 'मठ्ठ मूल नसतंच. आपण चुकीच्या चौकोनात शोधत असतो.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग एकेक कागद वाटला. आपल्या वर्गातलं एक मूल डोळ्यांसमोर आणा आणि चौकोनांत खुणा करा.

माझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत. मी तुझं नाव लिहिलं.

तू अकरा वर्षांचा होतास. बाबांच्या माणसांनी एका गलबताची नववी फळी बसवली होती. तू खालून आंबा चोखत चालला होतास. थांबलास, वर बघितलंस आणि म्हणालास, 'बाबा, हिचं पोट दुखतंय.' सगळे हसले. बाबा हसले नाहीत. वाळूत बसले, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले आणि फळी काढायला लावली.

भाषेच्या चौकोनात मी खूण केली नाही. आकारांच्या चौकोनात किती कराव्यात ते कळेना. बाईंनी कागद पाहिला. म्हणाल्या, 'नशीबवान मुलगा आहे. अशी शिक्षिका मिळाली त्याला.' मी 'हो' म्हणाले.

तुला शाळेत ठेवायचं बाबांनीच ठरवलं होतं, हे तुलाही ठाऊक आहे. त्यांच्यावर राग धरू नकोस. जमलं तर उत्तर पाठव.

हालिजा

 

तानाबेरू, २ मे २००४

सोम्बा,

बाबांना अर्धांग झालं. बारा दिवस झाले. किनाऱ्यावरच पडले, हातात लाकूड तासायचा वाकस होता. सिताबाने उचलून आणलं. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. एकच आवाज राहिलाय, 'आ'. हो म्हणायचं तरी 'आ', नाही म्हणायचं तरी 'आ'. मला फरक कळत नाही. सिताबाला वाटतं कळतो, पण त्यालाही कळत नसावा.

गलबताच्या फळ्या अकरापर्यंत चढल्यात. आतली फासळी एकही नाही, त्या फळ्या झाल्यावर घालायच्या. हाजींचा भाचा आला होता, सुराबायाला शिकलेला आहे. चांगला मुलगा आहे, बाबांच्या पाया पडला. मग विचारतो, 'नकाशा कुठाय?' सिताबाने व्हरांड्यात खुर्चीवर बसवलेल्या बाबांकडे बोट दाखवलं. म्हणाला, 'तो काय बसलाय नकाशा. वाचा.' भाचा हसला नाही. कोणीच हसलं नाही.

कुठली खुंटी कुठे, पुढच्या फासळीला तिचा अडथळा होतो की नाही, जंगलातल्या कुठल्या वाकड्या झाडात कुठली फासळी आहे, हे सगळं बाबांच्या डोक्यात. मी वही घेऊन रोज त्यांच्याजवळ बसायचं ठरवलं होतं. म्हटलं, हळूहळू विचारून सगळं लिहून काढू. वही कोरी आहे. शिवाय सिताबा म्हणतो, बोलता येत होतं तेव्हाही त्यांनी कधी सांगितलं नाही. करून दाखवायचे, ज्याला दिसलं त्याला दिसलं.

परवा सिताबाला विचारलं, 'तुम्ही तीस वर्षं त्यांच्याबरोबर आहात. तुम्हाला नाही जमणार?' तो म्हणाला, 'बाई, फळी हातात द्या, मी अशी बसवतो की केस जाणार नाही. कुठली फळी ते तुमच्या बाबांना ठाऊक. आणि एकाला ठाऊक होतं, त्याला तुम्ही शाळेत घातलंत.'

हाजी वर्षअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. तू ये.

हालिजा

 

पाम मळा, तावाउच्या आत, २० जून २००४

आदरणीय बाई,

मी क्लेमेन्स. फ्लोरेसच्या बाजूला आदोनारा बेट आहे, तिथला. मळ्याच्या कोठारात लिहिणं-वाचणं माझ्याकडे आहे, म्हणून सगळ्यांची पत्रंही माझ्याकडेच. तुमची दोन्ही पत्रं मी सोम्बाला सावकाश वाचून दाखवली. पहिलं त्याने तीनदा वाचायला लावलं. दुसरं अर्ध्यावर आलं तेव्हा उठून बाहेर गेला. मी थांबलो. परत आला आणि म्हणाला, 'पुढे वाच.'

तुम्हाला सांगू नको म्हणाला होता ती गोष्ट आता सांग म्हणतोय. तो आधी लाकूड कापायच्या गिरणीत होता. दोन वर्षांपूर्वी करवतीत उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली आहे. आता रोपांना पाणी घालतो. त्याची बायको नुरलिआ, चांगली बाई आहे, आणि सहा महिन्यांची मुलगी आहे. कागदपत्रं तिघांचीही नाहीत. इथून निघाला तर परत आत येता येणार नाही, आणि त्या दोघींना घेऊन निघणंही सोपं नाही.

मी त्याला म्हटलं, 'हात नाही तर नाही, डोळे आहेत ना?' तो म्हणाला, 'डोळे इथे आहेत. गलबत तिथे आहे.'

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दाराशी आला. म्हणाला, लिही. तो बोलला तसंच लिहितो.

'ताई, मला सहावीपासून वर, शेवटी शेवटी चढवलेल्या फळ्यांचा भरवसा वाटत नाही. बाबांना आधीपासूनच बरं नसणार, त्याशिवाय माणूस असा एकदम पडत नाही. फासळ्या घालायच्या आधी अंग सरळ आहे का ते बघायला हवं. दुपार कलली की पुढच्या टोकाशी वाळूत बस. हनुवटी गलबताच्या तळाच्या कण्याच्या उंचीला आण. एक डोळा मीट. मागच्या टोकापर्यंत नजर सोडून दे, ओढू नकोस. ती कुठे अडते ते मला सांग. बाकी मी सांगतो.'

एवढंच. देव तुमच्या वडिलांना आराम देवो.

क्लेमेन्स

 

तानाबेरू, ८ ऑगस्ट २००४

सोम्बा,

हाताचं वाचलं. त्यावर काय लिहू. तुझ्या मुलीचं नाव तू कळवलं नाहीस.

तू सांगितलंस तसं केलं. शाळा सुटली की जाते. नऊ दिवस बसले. माझी नजर कुठेच अडली नाही. मला अकरा फळ्या दिसतात. मोजून अकरा. त्यांच्यामध्ये तुला जे दिसतं ते मला दिसत नाही. सिताबा मागे उभा होता. म्हणाला, 'बाई, तुम्ही मोजताय. मोजू नका.' मी म्हटलं, 'मग काय करू?' तो म्हणाला, 'ते मला सांगता आलं असतं तर तुम्हाला वाळूत कशाला बसवलं असतं?'

पाचव्या दिवशी माझ्याच वर्गातली दोन मुलं मागे येऊन उभी राहिली आणि फिदीफिदी हसायला लागली. बाई एक डोळा मिटून बसल्यात.  मान वळवायची हिंमत झाली नाही. आणि तू आठवलास. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेली, बारा वर्षांच्या पोरांमध्ये उभा, हातात पुस्तक. मी म्हणतेय, 'वाच. सगळे थांबलेत.'

क्लेमेन्सभाऊ, पुढचं वाचताना जवळ कोणी असेल तर त्यांना बाहेर पाठवा.

बाबांनी ठरवलं होतं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते खरं नाही. बाबा दोनदा शाळेत आले होते. म्हणाले, 'हालिजा, सोड त्याला. लाकूड हाताला लागायची वर्षं निघून चालली आहेत.' मी म्हटलं, दाखला मिळाल्याशिवाय नाही. त्यांना आईची शपथ घातली, म्हणून त्यांनी तुला किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. तुला वाटलं त्यांना तू नकोस. तसं नव्हतं. मला तुला कचेरीत, पंख्याखाली बसलेलं बघायचं होतं.

आणि त्याच इयत्तेत तिसऱ्या वर्षी तुला चार गुण कमी पडत होते. तोंडी वाचनाचे गुण माझ्या हातात होते. मुख्याध्यापक म्हणाले, 'देऊन टाका, बाई. सुटू दे पोराला.' मी दिले नाहीत. लोक म्हणाले असते, स्वतःच्या भावाला पास केलं. तेव्हा मला अभिमान वाटला होता. घरी येऊन बाबांनाही सांगितलं. तू आत झोपला होतास असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तू पारेपारे बंदराची बस धरलीस.

मी पुन्हा बसते. काय बघायचं ते अजून थोडं उलगडून सांग.

हालिजा

 

तानाबेरू, ३ ऑक्टोबर २००४

सोम्बा,

तुझं उत्तर आलं. मागच्या पत्रातल्या त्या गोष्टीबद्दल तू एक अक्षर लिहायला सांगितलं नाहीस. क्लेमेन्सभाऊ लिहितात, 'ऐकून झाल्यावर तो गलबताचंच बोलला.' ठीक आहे.

तू सांगितलंस, 'ताईला सांग, घाई नको. मलाही वेळ लागला होता. आधी फळीकडे बघू नकोस, फळीवरच्या उजेडाकडे बघ. उजेड वाहतो. पाण्यासारखा वाहायला पाहिजे. नाही दिसलं तर घरी जा, दुसऱ्या दिवशी ये.'

मी बारा वर्षं शिकवते आहे. कुठल्या मुलाला 'घरी जा, उद्या ये' असं म्हटल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या खेपेलाही मला काही दिसलं नाही. तीन आठवडे. हाजींच्या भाच्याने एक यंत्र आणलं होतं, तीन पायांवर उभं राहतं. त्याने कागदावर आकडे काढले आणि म्हणाला, 'काहीतरी दोन बोटं चुकतंय, पण काय ते मला कळत नाही. माझ्याकडे मूळ आकडेच नाहीत.' म्हणजे तुझी शंका खरी होती. इतक्या लांबून, नुसत्या बाबांच्या पडण्यावरून तुला कळलं.

आणि सोम्बा, गेल्या मंगळवारी मला दिसलं. बसले होते, कंटाळले होते, कशाचाच विचार करत नव्हते. डाव्या बाजूला, मध्याच्या थोडं मागे, सातव्या फळीवर उजेड थांबला. तिथे सावलीची एक बारीक पट्टी होती, उजवीकडे तशी नव्हती. उठले, चालून आले, परत बसले. परत तिथेच. तीन दिवस तिथेच. सिताबाला दाखवलं. तो म्हणाला, 'मला नीट कळत नाही, पण सावली आहे खरी.'

डावीकडची सातवी. काय करायचं ते लवकर कळव. जुमरियाचा दीर परवा निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते. मी किती वर्षांनी काही शिकले, तुला सांगता येत नाही.

हालिजा

 

तानाबेरू, १६ जानेवारी २००५

सोम्बा,

काल मी तुला लिहायला बसले होते की गलबत पाण्यात उतरलं. अर्धं पान लिहिलं. शंभर माणसांनी दोर ओढला, बाबांना खुर्चीसकट किनाऱ्यावर नेलं, असं सगळं. मग पुढे अडले. पाण्यात गेल्यावर ते कसं बसलं, पुढे झुकलं की मागे, कुठल्या फळीपर्यंत भिजलं, हे तू पहिल्यांदा विचारशील. तुला फसवता येईल इतकं मला त्यातलं कळत नाही. पान फाडलं.

गलबत राहिलं नाही.

तुझा निरोप नोव्हेंबरच्या शेवटी आला. 'सातवी असेल तर वरच्या चार उतरवून ती काढा आणि परत तासा. पण आधी बाबांना विचारा.' मी विचारलं. माझ्यावर विश्वास ठेव, मी विचारलं. खुर्ची उचलून किनाऱ्यावर नेली, त्यांच्यासमोर सातव्या फळीवर हात ठेवला आणि म्हटलं, 'बाबा, ही काढायची?' ते म्हणाले, 'आ.' डावा हात खाली आपटला. परत विचारलं. परत 'आ', परत हात खाली, जोरात. मी सिताबाला म्हटलं, 'हो म्हणतायत.' तो म्हणाला, 'बाई, ओल्या लाकडाने बाक धरलाय. वरच्या चार उतरवल्या तर तो सुटेल. आत एक फासळी नाही धरायला.' मी म्हटलं, 'सोम्बा सांगतोय.'

तुझं नाव घेतल्यावर तो माणसांना हाक मारायला गेला. पोट दुखतंय म्हणालास तेव्हा तोही तिथे होता.

दोन दिवसांत फळ्या उतरवल्या. खुंट्या भोकांत मोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सहावी आपोआप फाटली, मग पाचवी. गोळी सुटल्यासारखा आवाज झाला, शाळेपर्यंत ऐकू आला. उघडलेल्या शिंपल्यासारखं गलबत दोन्हीकडे पडलं. बाक सुटलेल्या फळ्या परत कशालाच लागेनात.

मग सिताबा खाली वाकून गलबताखालचे टेकू काढायला गेला. डाव्या बाजूचा, मध्याच्या मागचा टेकू वाळूत दोन बोटं रुतला होता. गेल्या पावसात रुतला असणार. सगळं गलबत तेवढं कलंडलं होतं. फळीत काही नव्हतं. सातवी सरळ होती. टेकू उचलून खाली एक पाचर मारली असती की झालं असतं, दुपारचं काम. बाबा हात आपटून जमीन दाखवत होते.

माझी नजर तिथे अडली हे बरोबर होतं. का अडली ते मला कळलं नाही.

हाजी आले, ओरडले नाहीत. बाबांजवळ बसले, थोडा वेळ त्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवशी ट्रक येऊन लाकूड घेऊन गेले. सिताबा आता मुलीकडे बिरा गावात राहतो. माणसं पांगली. किनाऱ्याच्या आपल्या जागेवर कोणीतरी मासे सुकवायला घातलेत.

बाबा आहेत. माझ्या हातून जेवत नाहीत. जुमरिया भरवते तेव्हा तोंड उघडतात. मी समोर आले की भिंतीकडे बघतात. ते रागाने की आजाराने, ते मी कुणाला विचारणार? मी खोलीत जायचं बंद केलं आहे. दाराआडून बघते.

शाळा चालू आहे. वर्गात एक मुलगी आहे, मारहानी, तीन वर्षं चौथीत. ती कशात हुशार आहे ते शोधायला मी आठवडाभर तिच्या बाकावर बसले. माती दिली, आकडे दिले, गाणी म्हणून बघितली, बागेत नेलं. मला काही सापडलं नाही. असेलही काहीतरी. मला दिसत नाही, एवढंच. मार्चमध्ये तिचा बाप तिला शाळेतून काढणार आहे. मी त्याला अडवणार नाही आणि काढही म्हणणार नाही. काय बरोबर ते मला माहीत नाही.

तू इकडे येऊ नकोस. इथे आता तुझ्यासाठी काम नाही, आणि जे बघायला तू आला असतास तेही नाही.

क्लेमेन्सभाऊ, शेवटची ओळ त्याला दोनदा वाचून दाखवा. तो मधेच उठून गेला, तर तो परत येईपर्यंत थांबा आणि मग वाचा.

सोम्बा, तू जे सांगितलंस ते सगळं बरोबर होतं. तू चुकला नाहीस.

हालिजा